जनुकीय औषध गाठीपर्यंत पोचवायचं कसं? नॅनोकण आणि कर्करोग

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं दिली आहेत.)

विषयाचं नाव जरा जड आहे, पण प्रश्न तसा साधा आहे. कर्करोगाच्या पेशीत नेमकं काय बिघडलंय आणि ते कसं बंद पाडायचं, हे आपल्याला आता बऱ्याच बाबतीत कळलेलं आहे. ते बंद पाडणारं औषध त्या पेशीच्या आत न्यायचं कसं, हे अजून नीट जमलेलं नाही. आजचा बहुतेक वेळ मी या दुसऱ्या गोष्टीला देणार आहे, कारण वर्तमानपत्रातल्या बातम्या बहुधा पहिल्या गोष्टीवरच थांबतात आणि मग घरोघरी प्रश्न पडतो, की शोध लागला ना, मग औषध कुठंय?

आधी थोडी पूर्वतयारी. कर्करोग हा जनुकांतल्या बिघाडाचा आजार आहे. याचा अर्थ तो आई-वडिलांकडून येतोच असा नाही हं. बहुतेक वेळा हे बिघाड आयुष्यात पुढं, त्या त्या पेशीतच होतात. एखादं जनुक ‘वाढत राहा’ असा हुकूम सतत देत बसतं, एखादं थांबवणारं जनुक गप्प होतं. आता जनुक स्वतः काही करत नाही. त्याची एक तात्पुरती नक्कल निघते, तिला मेसेंजर आरएनए म्हणतात, आणि त्या नकलेवरून प्रथिन तयार होतं. म्हणजे ती नक्कलच फाडून टाकली तर? प्रथिन बनणारच नाही.

हे निसर्गात घडतं, असं १९९८ साली अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी एका सूक्ष्म कृमीत दाखवलं. त्याबद्दल त्यांना २००६ चं नोबेल मिळालं. मधे २००१ साली थॉमस टुशल यांच्या गटानं दाखवलं, की सुमारे २१ अक्षरांचा दुहेरी आरएनएचा छोटासा तुकडा माणसाच्या पेशीतही हेच काम करतो. या तुकड्याला एसआयआरएनए म्हणतात. त्याची अक्षरं आपण ठरवायची. ज्या जनुकाशी ती जुळतील त्याचीच नक्कल फाडली जाते. नेमकेपणाच्या दृष्टीनं याहून चांगलं औषध कागदावर तरी सुचणं अवघड. त्या वर्षांत अनेकांना वाटलं, की आता यादी करायची आणि एकेक जनुक बंद करत सुटायचं.

पण हा तुकडा सलाईनमधून नुसताच शिरेत सोडला तर काय होतं? रक्तात आरएनए कापणारी एन्झाइम्स तयारच असतात. ती आपल्या त्वचेवरही असतात, म्हणून प्रयोगशाळेत आरएनए हाताळताना हातमोजे घालावे लागतात, आपल्याला जपायला नव्हे, आरएनएला जपायला. यातून जे वाचेल ते आकारानं इतकं लहान, की मूत्रपिंड ते गाळून लघवीत टाकतं. त्यातूनही काही पेशीपर्यंत पोचलं, तरी आरएनएवर ऋण भार असतो आणि पेशीचं आवरण त्याला सहजासहजी आत घेत नाही. केमोथेरपीची बरीच औषधं लहान, तेलकट स्वभावाची असतात, ती आवरणातून झिरपतात. आरएनए झिरपत नाही. त्याला वाहन लागतंच.

वाहन म्हणून पहिला विचार विषाणूंचा झाला, कारण आपली जनुकं दुसऱ्याच्या पेशीत घुसवणं हाच त्यांचा धंदा. विषाणूंवर आधारित उपचार आज आहेतही. पण शरीर विषाणूला ओळखतं, त्याच्यावर तुटून पडतं. १९९९ साली अमेरिकेत एका जनुकोपचार चाचणीत १८ वर्षांचा एक तरुण विषाणूविरुद्धच्या अशाच तीव्र प्रतिक्रियेनं दगावला आणि सगळं क्षेत्र हादरलं. शिवाय एकदा ओळख पटली की दुसरा डोस देणं कठीण होतं, आणि कर्करोगात एका डोसवर क्वचितच भागतं. म्हणून माणसानं स्वतः बनवलेल्या कणांकडं लक्ष गेलं.

आता नॅनोकण म्हणजे काय, तर साधारण १०० नॅनोमीटरचा गोळा. केसाची जाडी ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर असते, म्हणजे केसाच्या रुंदीत असे हजारभर गोळे ओळीनं बसतील. या आकारात जादू काही नाही. पाच-सहा नॅनोमीटरच्या खाली गेलात तर मूत्रपिंड गाळून टाकतं. फार मोठा केलात तर यकृत आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी उचलून नेतात. मधली जागा शिल्लक राहते, ती ही.

आणि नॅनोकण ही काही परग्रहावरची वस्तू नाही. तुमच्या घरच्या दुधात केसीन प्रथिनाचे असेच कण असतात, साधारण एकशे ते दोनशे नॅनोमीटरचे. त्यांच्यावर सारखा भार असतो म्हणून ते एकमेकांपासून दूर राहतात. लिंबू पिळलं की आम्लता वाढते, भार जातो, कण एकमेकांना चिकटतात, दूध फाटतं. हे लक्षात ठेवा. आम्लता बदलली की भार बदलतो. पुढची सगळी करामत याच गोष्टीवर उभी आहे.

आज सगळ्यात यशस्वी ठरलेला कण म्हणजे लिपिड नॅनोकण. यात चार प्रकारचे मेदद्रव्य असतात. कोलेस्टेरॉल, एक फॉस्फोलिपिड, बाहेरून पीईजी नावाच्या साखळ्या लावलेलं एक लिपिड, आणि चौथं, जे खरं नायक आहे, ते आयनीकरण होणारं लिपिड. आम्ल द्रावणात या चौथ्यावर धन भार येतो. म्हणून कण बनवताना सगळं आम्ल द्रावणात मिसळतात. धन भाराचं लिपिड ऋण भाराच्या आरएनएला घट्ट धरतं, गोळा तयार होतो. मग द्रावणाची आम्लता काढून घेतात. रक्ताइतक्या पातळीला आलं की लिपिडचा भार जवळजवळ नाहीसा होतो. हे फार महत्त्वाचं आहे, कारण धन भाराचे कण रक्तात सोडले तर ते दिसेल त्याला चिकटतात आणि विषारी ठरतात. सुरुवातीचे कितीतरी कण इथंच बाद झाले.

आता हा कण पेशीला भिडला की पेशी त्याला एका पिशवीत घेऊन आत ओढते. या पिशवीला एंडोसोम म्हणतात. पेशी ती पिशवी हळूहळू आम्ल करत जाते, आतला माल पचवण्यासाठी. आणि तिथं आपलं लिपिड पुन्हा जागं होतं! धन भार येतो, पिशवीच्या ऋण भाराच्या भिंतीशी ते मिसळतं, भिंत बिघडते आणि आरएनए बाहेर पेशीरसात पडतो. म्हणजे पेशीनं मालाचा नाश करायला वापरलेली आम्लताच आपण किल्ली म्हणून वापरली. मला स्वतःला रसायनशास्त्रातल्या अलीकडच्या कल्पनांपैकी ही फार देखणी वाटते.

पण ती अजून कच्ची आहे, हेही सांगते. २०१३ साली एका गटानं हे कण सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. पेशीत शिरलेल्या एसआयआरएनएपैकी जेमतेम एक ते दोन टक्के पिशवीतून सुटत होतं. बाकीचं पचनात गेलं. तरी औषध काम करतं, कारण एक एसआयआरएनए एकामागून एक अनेक नकला फाडू शकतो.

तर या कणांचं पहिलं मोठं यश कशात आलं? कर्करोगात नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पॅटिसिरान नावाच्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. ते एका आनुवंशिक आजारावर आहे, ज्यात यकृतात बनणारं एक बिघडलेलं प्रथिन मज्जातंतू आणि हृदयात साठत जातं. दर तीन आठवड्यांनी शिरेतून द्यायचं. इथं यकृतच का? कारण हे कण रक्तात गेले की त्यांच्यावर एपीओई नावाचं प्रथिन येऊन बसतं. रक्तातल्या कोलेस्टेरॉलच्या कणांवर ते एरवीही बसतं आणि यकृताच्या पेशी त्याला ओळखून आत घेतात. म्हणजे यकृताला वाटतं, हा आपलाच नेहमीचा माल. आपण पत्ता घातलाच नव्हता. रक्तानं परस्पर पत्ता चिकटवला, आणि नशिबानं तो आपल्याला हवा तोच निघाला.

गाठ मात्र आपल्या नशिबावर चालत नाही.

इथं एक जुनी आशा होती, तिच्याबद्दल सविस्तर बोललं पाहिजे. १९८६ साली मात्सुमुरा आणि माएदा या जपानी संशोधकांनी दाखवलं, की गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईनं बांधलेल्या, भोकं पडलेल्या असतात. मोठे रेणू त्यातून बाहेर झिरपतात आणि गाठीतच अडकून राहतात, कारण तिथला निचराही बिघडलेला असतो. झालं, नॅनोकणवाल्यांना हा राजमार्ग वाटला. निरोगी रक्तवाहिन्यांतून कण बाहेर पडत नाहीत, गाठीतल्या वाहिन्यांतून पडतात, म्हणजे औषध आपोआप गाठीत गोळा होणार. उंदरांवर निकाल छान यायचे.

पण उंदराची गाठ आणि माणसाची गाठ यात फरक किती, बघा. वीस ग्रॅमच्या उंदरात एक ग्रॅमची गाठ म्हणजे शरीराच्या वजनाच्या पाच टक्के. सत्तर किलोच्या माणसात त्याच हिशेबानं ती साडेतीन किलोची होईल. उंदरातली गाठ दोन-तीन आठवड्यांत फोफावते, तिच्या वाहिन्या कच्च्या असणारच. माणसाची गाठ अनेकदा वर्षानुवर्षं वाढते. तिच्या वाहिन्या ठिकठिकाणी वेगळ्या असतात, एकाच पेशंटच्या दोन गाठींतही वेगळ्या. स्वादुपिंडाच्या कर्करोगात तर गाठीभोवती तंतूंचा इतका दाट गच्च थर असतो, की कण वाहिनीतून बाहेर पडला तरी पुढं सरकत नाही.

२०१६ साली टोरोंटोच्या वॉरन चॅन यांच्या गटानं आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला. टोचलेल्या कणांपैकी गाठीत पोचणाऱ्यांचं मध्यक प्रमाण निघालं ०.७ टक्के. हजारातले सात! हा आकडा आला तेव्हा बरीच खळबळ झाली. काहींनी आक्षेप घेतला की ही मोजणीची पद्धतच अन्यायकारक आहे, साध्या औषधाचाही फार थोडा अंश गाठीत जातो. आक्षेपात तथ्य आहे. पण माझं मत असं, की आरएनएच्या बाबतीत हा आकडा जास्तच बोचतो, कारण गाठीत पोचलेला कणही बरेचदा कर्करोगाच्या पेशीत न जाता भक्षक पेशींच्या पोटात जातो, आणि पुढं ती एंडोसोमची गाळणी आहेच.

मग हे माणसात कधी जमलंच नाही का? जमलं. कॅल्टेकचे मार्क डेव्हिस यांनी सायक्लोडेक्स्ट्रिन या साखरेच्या कड्यांपासून पॉलिमर बनवला आणि त्याचे सुमारे ७० नॅनोमीटरचे कण केले. वरून ट्रान्सफेरिन हे लोह वाहणारं प्रथिन लावलं, कारण वेगानं वाढणाऱ्या पेशींना लोह जास्त लागतं. औषधाचं नाव कॅला-०१. २०१० मध्ये नेचरमध्ये निकाल आला. मेलेनोमाच्या पेशंटच्या बायोप्सीत, गाठीच्या पेशींच्या आत कण सापडले. जास्त डोस, जास्त कण. आणि एका पेशंटमध्ये लक्ष्य केलेल्या जनुकाची नक्कल नेमक्या अपेक्षित जागीच कापलेली दिसली. शिरेतून दिलेला एसआयआरएनए माणसाच्या गाठीत जाऊन काम करतो, याचा तो पहिला पुरावा.

पुढं काय झालं? चाचणीत २४ पेशंट झाले, काहींना दुष्परिणामांमुळं उपचार सोडावा लागला, आणि ते औषध बाजारात आलं नाही. दुष्परिणाम मुख्यतः वाहनामुळं होते, आतल्या एसआयआरएनएमुळं नव्हे, असं संशोधकांनी नंतर मांडलं. साधारण त्याच काळात यकृतातल्या गाठींवर लिपिड कणांतून दोन एसआयआरएनए देण्याची चाचणी झाली. एक्केचाळीस पेशंटपैकी एका बाईंच्या यकृतात पसरलेल्या गाठी पूर्ण गेल्या. एक! अशा निकालाला काय म्हणायचं? यश म्हटलं तर चाळीस जणांचा हिशेब द्यावा लागतो. अपयश म्हटलं तर त्या एका बाईंचा.

यानंतर काही मंडळींनी प्रश्नच फिरवला. गाठीतल्या प्रत्येक पेशीपर्यंत जायचा हट्ट सोडा. रोगप्रतिकारक पेशींपर्यंत जा. त्या थोड्या असल्या तरी चालतील, कारण शिकवलं की त्या स्वतः वाढतात आणि गाठ स्वतः शोधतात. ०.७ टक्क्यांचं कोडं सुटलं नाही, पण त्याला वळसा घालता आला. कोविडच्या एमआरएनए लशींमुळं आपल्यापैकी अनेकांना हे वाहन ऐकून माहीत झालं. आपल्या पुण्यात जेनोव्हानं बनवलेल्या एमआरएनए लशीलाही जून २०२२ मध्ये आणीबाणीची मंजुरी मिळाली होती.

कर्करोगात हे असं करतात. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीची जनुकं वाचायची, त्या पेशंटच्या गाठीतच असलेले बदल निवडायचे, आणि तेवढ्यांचा एमआरएनए बनवून टोचायचा. म्हणजे एका माणसासाठी एक लस. मॉडर्ना आणि मर्क यांच्या चाचणीत असे ३४ पर्यंत बदल एका लशीत घातले. मेलेनोमा शस्त्रक्रियेनं काढलेले १५७ पेशंट होते. सगळ्यांना पेंब्रोलिझुमॅब हे प्रतिकारशक्ती मोकळी करणारं औषध होतं, १०७ जणांना जोडीला लस. आजार उलटणं किंवा मृत्यू हे ५० पैकी २० जणांत झालं, लसवाल्या १०७ पैकी २४ जणांत. बातमीत ‘धोका ४४ टक्क्यांनी कमी’ असं आलं, ते हेच. पण या निकालात योगायोगाची शक्यता पूर्ण पुसली गेली नव्हती, संख्याशास्त्राच्या नेहमीच्या रेषेला तो अगदी खेटून होता. म्हणून मोठी तिसऱ्या टप्प्याची चाचणी सुरू झाली.

स्वादुपिंडाच्या कर्करोगावर न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंगमध्ये विनोद बालचंद्रन यांनी बायोएनटेकबरोबर केलेलं कामही २०२३ मध्ये आलं. १६ पेशंट. त्यातल्या आठ जणांत लशीनं अपेक्षित टी पेशी तयार झाल्या, आणि दीड वर्षाच्या पाहणीत त्या गटात आजार परतण्याचं प्रमाण बरंच कमी होतं. इथं कण शिरेतून देतात आणि ते मुख्यतः प्लीहेत जातात. २०१६ मध्ये जर्मनीतल्या याच मंडळींनी दाखवलं होतं, की कणावरच्या एकूण भाराचं प्रमाण बदललं, की तो फुप्फुसाऐवजी प्लीहेकडं वळतो. वर काही पत्ता चिकटवायला नको, फक्त प्रमाण बदला. २०२० मध्ये टेक्सासच्या डॅनियल सीगवर्ट यांनी चार लिपिडांत पाचवं घालून यकृत, प्लीहा, फुप्फुस अशी दिशा देता येते हे उंदरांत दाखवलं. अवयव निवडता येतो, इथवर आपण आलोय. गाठ निवडता येते, असं मी म्हणणार नाही.

मुंबईचाही एक धागा आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेली नेक्सकार-१९ ही कार-टी उपचारपद्धती ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मंजूर झाली. परदेशातल्या किमतीच्या मानानं ती फार स्वस्त आहे, तरी सामान्य घराला अजून जडच. त्यात पेशंटच्या टी पेशी बाहेर काढून, विषाणूच्या मदतीनं त्यांच्यात जनुक घालून, वाढवून परत देतात. खर्च आणि वेळ याच कामात जातो. आता नॅनोकणातून तो एमआरएनए थेट शरीरातल्या टी पेशींना देता आला तर? २०२२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या गटानं उंदरात हे करून दाखवलं, आजार हृदयाचा होता, पण तत्त्व तेच. किमतीच्या दृष्टीनं आपल्याकडं याच वाटेवर सगळ्यात बारीक लक्ष ठेवावं, असं मला वाटतं.

प्रश्नोत्तरं

श्रोते: मॅडम, माझ्या मोठ्या भावाला कर्करोग आहे. तुम्ही म्हणता ते कुठं मिळेल?

हे व्याख्यान तयार करेपर्यंत तरी नॅनोकणांतून एसआयआरएनए किंवा एमआरएनए देणारं कर्करोगावरचं एकही औषध अमेरिकेच्या एफडीएनं मंजूर केलेलं नव्हतं. जे आहे ते चाचण्यांत. केमोचं औषध नॅनोकणात भरून देतात ते वेगळं. लायपोसोममधलं डॉक्सोरुबिसिन १९९५ पासून आहे, तुमच्या डॉक्टरांनी ते वापरलंही असेल. त्यामुळं कुणी ‘नॅनो जीन थेरपी’ म्हणून पॅकेज विकत असेल, तर पहिला प्रश्न विचारा, सीटीआरआय नोंदणी क्रमांक काय? आपल्याकडं २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची ही नोंदणी बंधनकारक आहे आणि ती यादी कुणालाही इंटरनेटवर बघता येते. आणि प्रायोगिक औषधासाठी पैसे मागत असतील, तर तिथून उठा. यापायी चालू असलेले उपचार मात्र थांबवू नका. भावाच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा, ‘यांच्यासाठी एखादी चाचणी चालू आहे का?’ या प्रश्नाचा डॉक्टरांना राग येत नाही, येऊ नये.

श्रोते: हे कण शरीरात साठून राहत नाहीत का?

कण कशाचा आहे त्यावर आहे. सोन्याचे कण यकृतात दीर्घकाळ राहू शकतात, म्हणून त्यांच्याबद्दल जास्त सावधगिरी बाळगतात. लिपिडचे कण फुटतात. कोलेस्टेरॉल तर शरीराचंच आहे. पॅटिसिरानमधलं ते नायक लिपिड यकृतातून सावकाश जातं. कोविडच्या लशींत वापरलेल्या नव्या लिपिडांत मुद्दाम एस्टर बंध ठेवलेत, ते शरीरातली एन्झाइम्स तोडतात, म्हणून निचरा लवकर होतो. पुन्हा पुन्हा डोस द्यायचे असतील तर पीईजीविरुद्ध तयार होणाऱ्या प्रतिपिंडांकडंही बघावं लागतं, आणि कर्करोगात डोस पुन्हा पुन्हाच द्यावे लागतात. त्यामुळं पीईजीला पर्याय शोधण्याचं काम अनेक प्रयोगशाळांत चालू आहे.